‘तो’ आणि ‘ते’

इंग्रजी बातमीदाराला कधीच न पडणारा एक प्रश्न मराठी बातमीदाराला रोज पडतो. ज्याच्याविषयी लिहायचे त्याला ‘तो’ म्हणायचे की ‘ते’? निविदेत पैसे खाल्ल्याचा आरोप असलेले नगरसेवक तो आरोप फेटाळतात तेव्हा ‘ते म्हणाले’ असे छापून येते. मोबाइल हिसकावल्याचा आरोप असलेला विशीतला मुलगा मात्र पहिल्या ओळीपासून ‘तो’ असतो. पोलिस ‘त्याच्या मुसक्या आवळतात’. दोघांवर आहे तो आरोपच, दोघांचाही खटला अजून उभा राहायचा आहे, पण वाचकापर्यंत अर्धा निकाल सर्वनामातूनच पोहोचलेला असतो. आदरार्थी बहुवचन ही आपल्या भाषेची श्रीमंती खरी. वृत्तपत्राच्या डेस्कवर ती कोणाला द्यायची आणि कोणाकडून काढून घ्यायची, याचा लेखी नियम मात्र क्वचितच असतो. ते सवयीने ठरते आणि सवय आरोपीचा धर्म, जात, पक्ष आणि पैसा पाहून पडते. राजकीय आणि धार्मिक पुढाऱ्यांच्या बाबतीत माध्यमे दुटप्पी वागतात ही तक्रार आज सगळेच करतात, फक्त प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरी येणारे वर्तमानपत्र दुटप्पी वाटते. म्हणून ती तक्रार मोघम ठेवून चालणार नाही, मोजून दाखवावी लागेल. त्यासाठी फार लांब जायला नको. सर्वनाम कोणते, विशेषण कोणते आणि जागा किती, एवढे पाहिले तरी पुरते. (नियमाची सुरुवात स्वतःपासून करावी म्हणून सांगतो: या लेखात नावाने येणाऱ्या आरोपी, दोषी आणि निर्दोष अशा सर्वांना ‘ते’च म्हटले आहे.)

जुलै 2025 हा महिना या मोजणीसाठी जणू कोणी मुद्दाम जुळवून आणला होता. 21 जुलैला मुंबई उच्च न्यायालयात न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने 11 जुलै 2006 च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले. पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते. 189 माणसे गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. मोक्का न्यायालयाने 2015 मध्ये या बारांपैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. बरोबर दहा दिवसांनी, 31 जुलैला, मुंबईतल्याच एनआयए विशेष न्यायालयाने 29 सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह सातही आरोपींना निर्दोष सोडले. भिक्खू चौकातल्या त्या स्फोटाने सहा जणांचा जीव घेतला होता. महिना एक, शहर एक, आणि दोन्ही तपासांना सुरुवात करणारी यंत्रणाही एकच, महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक. निकालपत्रांचा गाभाही फारसा वेगळा नाही. लोकलच्या खटल्यात उच्च न्यायालयाने शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आलेल्या साक्षीदारांवर विश्वास ठेवला नाही, छळाच्या खुणा असलेले कबुलीजबाब बाजूला सारले, ओळखपरेड आणि जप्ती या दोन्हींतल्या त्रुटी दाखवल्या, आणि बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेदेखील सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही असे नोंदवले. मालेगावच्या खटल्यात स्फोटातली मोटारसायकल प्रज्ञासिंह यांचीच होती हे सिद्ध झाले नाही, पुरोहित यांनी आरडीएक्स आणल्याचा किंवा बॉम्ब जोडल्याचा पुरावा टिकला नाही, यूएपीएखालच्या परवानग्या सदोष निघाल्या आणि तीनशेवर साक्षीदारांपैकी तीसहून अधिक फितूर झाले. विशेष न्यायाधीश ए. के. लाहोटी यांनी संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, अशा अर्थाचे भाष्य केले. दोन्ही निकालांना एकच मथळा चालला असता: तपास कोसळला, आरोपी सुटले, मारेकरी अजून कोणाला माहीत नाहीत.

प्रत्यक्षात काय झाले ते फार जुने नाही, आठवून पाहता येईल. 21 तारखेला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निकाल धक्कादायक असल्याचे सांगितले आणि राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने, सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला न सांगता, हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढा आदेश दिला. 31 तारखेला त्याच मुख्यमंत्र्यांनी भगवा दहशतवाद कधी नव्हता, नाही आणि नसेल, असे जाहीर केले. या निकालाविरुद्ध सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयात गेले ते मृतांचे नातेवाईक. सरकारने आपले राजकारण केले. ते सरकारचे कामच आहे. पण अनेक वाहिन्यांनी आणि काही वर्तमानपत्रांनी सरकारची फूटपट्टी जशीच्या तशी उचलली. पहिल्या निकालाच्या दिवशी प्रश्न होता, ‘मग 189 जणांना मारले कोणी?’ प्रश्न अगदी रास्त. दहा दिवसांनी तोच प्रश्न मालेगावच्या सहा मृतांसाठी विचारायला हवा होता, तेव्हा पडद्यावर पेढे, फटाके आणि ‘कुभांड उघडे पडले’ हे शब्द होते. पहिल्या दिवशी बारा जण ‘तांत्रिक मुद्द्यांवर’ सुटले. दुसऱ्या निकालाच्या दिवशी सात जणांना ‘क्लीन चिट’ मिळाली. आता दुसऱ्या गोटात जाऊ, कारण तिथेही हेच, फक्त उलट्या बाजूने. तिथे 21 जुलैला न्यायव्यवस्थेचा आत्मा जिवंत असल्याचा आनंद होता आणि एकोणीस वर्षांच्या तुरुंगवासाचे हेलावणारे वर्णन होते. 31 जुलैला मात्र ‘न्याय नाकारला’ हा सूर. ज्यांनी दहा दिवसांपूर्वी संशयाचा फायदा हे कायद्याचे सर्वांत मोठे मूल्य मानले होते, त्यांना दहा दिवसांनी संशयाचा फायदा ही पळवाट वाटू लागली. एकाच माणसाने लागोपाठच्या दोन आठवड्यांत या दोन्ही भूमिका घ्याव्यात आणि आपण काही विसंगत बोललो याची जाणीवही त्याला नसावी, ही दुटप्पीपणाची सर्वांत शुद्ध अवस्था.

मालेगावबाबत एक गोष्ट निष्पक्ष वार्ताहराने दोन्ही दिवशी सांगायला हवी होती. या खटल्याच्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जून 2015 मध्ये जाहीरपणे सांगितले होते की एनआयएच्या एका अधिकाऱ्याने त्यांना आरोपींबाबत सौम्य भूमिका घ्यायला सुचवले. पुढच्याच वर्षी एनआयएने पुरवणी आरोपपत्रात प्रज्ञासिंह यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले. न्यायालयाने तरीही त्यांना खटल्यातून वगळले नाही. लोकलच्या खटल्यातही सोयीस्करपणे विसरलेले एक पान आहे. 2008 मध्ये मुंबई गुन्हे शाखेने पकडलेल्या इंडियन मुजाहिदीनच्या एका संशयिताने हे स्फोट आपल्या गटाने केल्याचे पोलिसांना सांगितले होते. म्हणजे एकाच शहरातल्या पोलिसांच्या दोन शाखांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कहाण्या होत्या. बातमीदाराला यापेक्षा मोठी बातमी कोणती हवी? पण त्या वेळी तिचा फारसा पाठपुरावा झाला नाही, कारण 30 सप्टेंबर 2006 ला मुंबईचे तत्कालीन पोलिस आयुक्त ए. एन. रॉय यांनी पत्रकार परिषदेत गुन्हा उलगडल्याचे सांगितले होते आणि माध्यमांच्या लेखी विषय तिथेच मिटला होता.

आता विशेषणांकडे. 2006 च्या सप्टेंबरात, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात दुसरे स्फोट झाले होते, मशीद आणि बडा कब्रस्तान परिसरात. त्या प्रकरणात नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले आणि पकडल्याच्या दिवसापासून ते ‘अतिरेकी’ झाले. ‘संशयित’ हा शब्द मथळ्यात बसत नाही, ‘कथित’ लिहिले की बातमी पांगळी वाटते, असे डेस्कवर म्हणतात. 2016 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. नऊपैकी एक जण तोवर वारला होता. अटकेची बातमी पहिल्या पानावर आठ स्तंभी आणि सुटकेची बातमी आत कुठे तरी, असा हा हिशेब. 2008 च्या प्रकरणात मात्र ‘साध्वी’ ही उपाधी बातमीदारांनी कधीच सोडली नाही. कोणाच्या नावामागे ‘साध्वी’ किंवा ‘स्वामी’ असेल आणि कोणाच्या नावामागे ‘मास्टरमाइंड’, हे न्यायालयाच्या आधी ठरून गेले होते. पण गंमत अशी की त्याच काळात दिल्लीतल्या इंग्रजी माध्यमांनी ‘भगवा दहशतवाद’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजतेने वापरला की जणू तो दंडसंहितेतला कलमवार गुन्हा आहे. गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी 2010 मध्ये तो जाहीरपणे उच्चारला आणि मग संपादकीयांत त्याला नागरिकत्वच मिळाले. खटला उभा राहायच्या आत एका रंगाला आरोपी करणे हे एका धर्माला आरोपी करण्याइतकेच चूक होते. ‘इस्लामी दहशतवाद’ हा शब्द वापरू नका, त्याने कोट्यवधी निरपराध लोक संशयाखाली येतात, असे सांगणाऱ्यांनीच ‘भगवा दहशतवाद’ लिहिला, आणि ‘भगवा दहशतवाद’ ऐकून ज्यांचे पित्त खवळले त्यांनी ‘जिहादी’ हा शब्द वडापावावरच्या चटणीसारखा प्रत्येक बातमीवर शिंपडला.

जिहादचा विषय निघालाच आहे तर मार्च 2020 कडे वळू. दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या मरकजमध्ये तबलिगी जमातचे लोक जमले होते, त्यात परदेशी पाहुणेही होते. टाळेबंदीच्या तोंडावर अशी गर्दी होऊ देणे हा बेजबाबदारपणाच, त्यावर कठोर लिहायलाच हवे होते. पण लिहिले गेले ते बेजबाबदारपणावर नव्हे, कटावर. काही आठवडे देशातली कोरोनाची साथ एका संघटनेच्या नावाने ओळखली जाऊ लागली, रोजच्या रुग्णसंख्येत ‘तबलिगी’ असा वेगळा रकाना आला. अहमदनगर जिल्ह्यात पोलिसांनी परदेशी नागरिकांवर गुन्हे नोंदवले. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांसह सर्वांवरचे ते गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या प्रचारावर स्पष्ट बोट ठेवले आणि या परदेशी लोकांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. (खंडपीठातले दुसरे न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्यास संमती दिली, पण काही निरीक्षणांशी असहमती नोंदवली. निकाल उद्धृत करताना हेही सांगायला हवे.) पुढे वृत्तवाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेने 2021 मध्ये या वार्तांकनासाठी एका कन्नड वाहिनीला एक लाख आणि दुसरीला पन्नास हजार रुपये दंड केला. प्राइम टाइममधल्या काही सेकंदांच्या जाहिरातींत वसूल व्हावी अशी ही रक्कम. आणि पुन्हा जुलै 2025: 17 जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने याच प्रकरणी 70 भारतीयांवरची 16 आरोपपत्रे रद्द केली. 2020 मध्ये आठवडेच्या आठवडे चाललेल्या त्या प्रकरणाच्या या अखेरीला किती वाहिन्यांनी अर्धा तास दिला, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

याच्या शेजारी एप्रिल 2021 ठेवा. दुसरी लाट चढणीला होती आणि हरिद्वारच्या कुंभात 12 आणि 14 एप्रिलच्या शाही स्नानांना लाखो लोक जमले. मरकजशी तुलना करू नका, तो बंद जागेतला प्रकार होता आणि इथे उघड्यावर गंगामाईचा प्रवाह आहे, अशा आशयाचे उत्तर उत्तराखंडचे तत्कालीन मुख्यमंत्री तीरथसिंह रावत यांनी दिले. निर्वाणी आखाड्याच्या एका महामंडलेश्वरांचा त्याच आठवड्यात कोरोनाने मृत्यू झाला. 17 एप्रिलला पंतप्रधानांनी कुंभ आता प्रतीकात्मक ठेवावा असे आवाहन केले. पुढे तिथल्या कोरोना चाचण्यांच्या बनावट नोंदींचे प्रकरण उघडकीला आले. कुंभावर टीका झालीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. अनेक पत्रकारांनी धाडसाने ती केली. पण तिचे व्याकरण निराळे होते. कुंभात ‘गर्दी झाली’, ‘नियमांचा फज्जा उडाला’, ‘सरकार कमी पडले’. कर्ता कोणी नाही, असलाच तर सरकार. मरकजमध्ये ‘त्यांनी विषाणू पसरवला’, कर्ता ठळक. साधूंनी गंगेत डुबकी घेतली ती श्रद्धेपोटी. तबलिगी मशिदीत थांबले ते हेतूपूर्वक. विषाणूला श्रद्धा आणि हेतू यांतला फरक कळत नाही, एवढे विज्ञान दोन्ही बातम्या लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. मरकजमध्ये तरी निदान साथीची पुरती कल्पना यायची होती. कुंभाच्या वेळी आपल्याकडे वर्षभराचा अनुभव होता. त्यामुळे कठोरपणा वाटायचाच होता तर तो कुंभाच्या वाट्याला जास्त यायला हवा होता.

धर्माचा आणि पक्षाचा चष्मा सगळ्यांना दिसतो, पैशाचा दिसत नाही. आसाराम यांची प्रवचने वर्षानुवर्षे आध्यात्मिक वाहिन्यांवर झळकत होती. अशा वाहिन्यांवर प्रवचनाच्या वेळा विकत घेतल्या जातात हे धंद्यातले उघड गुपित आहे. 2013 च्या होळीत, मराठवाडा दुष्काळाने होरपळत असताना, त्यांनी नागपुरात टँकरच्या पाण्याने भक्तांना रंगवले तेव्हा मराठी माध्यमांनी त्यांना झोडपले, ते चांगलेच केले. पण आश्रमांतल्या जमिनींचे वाद, मुलांचे संशयास्पद मृत्यू हे त्याआधीचे विषय होते आणि तेव्हा ‘पूज्य’ आणि ‘बापू’ या उपाध्या शाबूत होत्या. ऑगस्ट 2013 च्या शेवटच्या रात्री त्यांना अटक झाली आणि कालपर्यंत ‘ते’ असलेले गृहस्थ बहुतेक ठिकाणी ‘तो’ झाले. 2018 मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने जन्मठेप दिली त्याच्या साडेचार वर्षे आधी. माझे म्हणणे असे की दोन्ही टोके चूक. सत्ता होती तेव्हा नको तितका आदर, ती गेली तेव्हा खटल्याआधीच शिक्षा. गुरमित राम रहीम यांचे प्रकरण याहून बोलके आहे. त्यांच्या सिरसा येथील डेऱ्यातल्या अत्याचारांचे निनावी पत्र 2002 मध्ये फिरत होते. मोठ्या वर्तमानपत्रांनी धीर केला नाही. ते छापले ‘पूरा सच’ या सिरशाच्या छोट्याशा सांजदैनिकाने. त्याचे संपादक रामचंद्र छत्रपती यांच्यावर त्याच ऑक्टोबरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि नोव्हेंबरात ते वारले. 25 ऑगस्ट 2017 ला पंचकुलाच्या न्यायालयाने राम रहीम यांना बलात्काराबद्दल दोषी ठरवले, त्या दिवसाच्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मेली आणि वाहिन्यांच्या ओबी व्हॅन जळल्या, तेव्हा कुठे राष्ट्रीय माध्यमांना तो डेरा खऱ्या अर्थाने दिसला. त्यानंतर डझनाहून अधिक वेळा ते पॅरोल किंवा फर्लोवर बाहेर आले, अनेकदा निवडणुकांच्या तोंडावर. त्याची बातमी येते, पण ती हवामानाच्या अंदाजासारखी येते. बलात्काराचा दोषी कैदी कोणत्या नियमाने इतक्या वेळा सुटतो, तोच नियम इतर किती कैद्यांना लागू होतो, हे विचारणारा पाठपुरावा विरळाच.

याला पहिला आक्षेप असा घेतला जाईल की पत्रकार पोलिसांनी सांगितले तेच लिहितो. पोलिस चुकले तर त्यात त्याचा काय दोष? हा आक्षेप निम्मा खरा आहे. तपास करणे पत्रकाराचे काम नाही आणि डेडलाइन थांबत नाही. पण ‘पोलिसांनी सांगितले’ आणि ‘असे घडले’ यांच्यात मराठीत दोनच शब्दांचे अंतर आहे. ते दोन शब्द गाळायचा निर्णय पोलिस घेत नाहीत, उपसंपादक घेतो. शिवाय हा आक्षेप घेणारे सगळ्यांच्या बाबतीत पोलिसांवर असाच विश्वास ठेवत नाहीत. आपल्या आवडत्या पुढाऱ्याला ईडीने बोलावले की तीच तपासयंत्रणा लगेच ‘सूडबुद्धीची’ होते. विधी आयोगाने ऑगस्ट 2006 मध्ये, लोकल स्फोटांनंतर दोन महिन्यांच्या आत, माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांवर आपला 200 वा अहवाल दिला होता. त्या अहवालाकडे ना सरकारने पाहिले ना माध्यमांनी. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यायची याची नियमावली करा. सतरा वर्षे मधे गेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो बहुधा पुरोगामी वाचकांकडून येईल. सगळ्यांना एकच माप लावणे म्हणजे असमान गोष्टी समान मानणे नव्हे काय? सत्तेत असलेल्या बहुसंख्याकांच्या पुढाऱ्याला आणि चाळीत राहणाऱ्या अल्पसंख्याक तरुणाला एकाच तराजूत कसे तोलायचे? मान्य, ते समान नाहीत. सत्तेवर जास्त लक्ष ठेवणे हे वृत्तपत्राचे कर्तव्यच आहे, पहारा तिथेच हवा. पण जास्त पहारा ठेवणे म्हणजे कमी पुरावा चालवून घेणे नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खून खटल्यात 10 मे 2024 ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडले. दाभोलकरांबद्दल ज्यांना आदर आहे, त्यांना ही सुटका जिव्हारी लागणे स्वाभाविक होते. पण ज्या कसोटीने मालेगावच्या नऊ तरुणांचा निर्दोषपणा आपण मानतो, त्याच कसोटीने पुण्याच्या तिघांचा मानायला हवा. निकाल पटला नाही तर अपिलाची मागणी करा, तपासातल्या त्रुटींवर लेख लिहा. सुटलेल्याला ‘खुनी’ म्हणत राहण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. झाकीर नाईक यांच्याबाबतीतही हेच. त्यांच्या भाषणांत निषेध करावा अशी पुष्कळ वाक्ये आहेत, ती उद्धृत करून त्यांना उघडे पाडता येते. पण 2016 मध्ये ढाक्याच्या हल्ल्यानंतर आपल्या वाहिन्यांनी त्यांना थेट त्या हल्ल्याचे प्रेरणास्थान ठरवले, आणि ज्या ‘डेली स्टार’ या बांगलादेशी दैनिकाचा हवाला दिला जात होता त्यानेच मग खुलासा केला की आपण तसे म्हटलेले नव्हते. खरे पुरेसे असताना खोट्याची मदत घेतली की आरोपीच्या हाती ढाल जाते. नाईक यांना ती मिळाली.

तिसरा आक्षेप मराठी परंपरेचा आहे आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. आपली वृत्तपत्रे मतांतून जन्मली. ‘केसरी’ला मत होते म्हणून ‘केसरी’ होता, आगरकरांचे पटेना म्हणून ‘सुधारक’ निघाला, अत्र्यांचा ‘मराठा’ तटस्थ असता तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला त्याचा काय उपयोग झाला असता? हे सारे खरे, आणि मत नसलेले वर्तमानपत्र रद्दीच्याही भावाचे नाही. पण मताची जागा अग्रलेखात आहे. ‘सामना’ किंवा ‘तरुण भारत’ हातात घेणाऱ्याला आपण काय वाचतो आहोत हे ठाऊक असते. लेबल बाहेर लावलेले असते. धोका त्यांचा कमी आहे. धोका आहे तो ‘निर्भीड आणि निःपक्ष’ अशी पाटी लावून सर्वनामांत मत दडवणाऱ्यांचा. खुद्द टिळकांनाही याची झळ बसली होती. 1897 मध्ये रँडच्या खुनानंतर मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘जस्टिस’ या टोपणनावाने छापून आलेल्या पत्रांनी शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा संबंध हिंसेशी जोडला. राजद्रोहाच्या खटल्याची हवा तिथूनच तापली. टिळक वादग्रस्त होते, धर्माचे राजकारण करत होते, त्यांच्यावर टीका करण्याजोगे खूप होते. खुनाशी त्यांचा संबंध मात्र कोणी सिद्ध करू शकले नाही.

राहिला प्रेक्षकांचा मुद्दा, की लोकांना हेच हवे असते. याला फार उत्तर देण्याची गरज नाही. लोकांना भेसळीचा पेढाही गोड लागतो.

मग करायचे काय? सरकारने कायदा करावा, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या हाती काठी जाईल तो ती कोणाच्या पाठीवर मारील हे आपण जाणतो. प्रेस कौन्सिलला ताशेरे ओढण्यापलीकडे अधिकार नाहीत आणि वाहिन्या तिच्या कक्षेतच नाहीत. उपाय न्यूजरूममध्येच आहे आणि तो स्वस्त आहे. प्रत्येक वर्तमानपत्राने एक पानभर नियम लिहून वाचकांसमोर ठेवावेत: दोष सिद्ध होईपर्यंत सर्वांना ‘ते’ किंवा सर्वांना ‘तो’, पण सर्वांना एकच, ‘अतिरेकी’, ‘मास्टरमाइंड’, ‘ढोंगी बाबा’ हे शब्द निकालानंतरच, आरोपीचा धर्म गुन्ह्याशी संबंध असेल तरच मथळ्यात. आणि जागेचा नियम. तो सर्वोच्च न्यायालयानेच एप्रिल 2024 मध्ये वेगळ्या संदर्भात सुचवून ठेवला आहे. पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात बाबा रामदेव यांनी वर्तमानपत्रांत माफी छापली, तेव्हा न्या. हिमा कोहली यांनी विचारले की ही माफी तुमच्या जाहिरातींएवढीच मोठी आहे का? कात्रणे मूळ आकारात आणून दाखवा, ती वाचायला सूक्ष्मदर्शक लागता कामा नये. ज्या वर्तमानपत्रांनी त्या जाहिराती वर्षानुवर्षे पैसे घेऊन छापल्या, त्यांनी न्यायालयाचा हा प्रश्न मोठ्या चवीने छापला. स्वतःला विचारला नाही. अटकेची बातमी जितक्या स्तंभांची, सुटकेची बातमी तितक्याच स्तंभांची आणि त्याच पानावर, एवढा एक नियम जरी पाळला तरी अटकेच्या दिवशी मथळा देणाऱ्या उपसंपादकाचा हात दहा वर्षांनंतरच्या जागेच्या विचाराने थोडा आखडेल.

2015 मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या पाच जणांपैकी एकाच्या बाबतीत हा नियमही उशिराच ठरला असता. 21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयाने बारा जणांना निर्दोष ठरवले, तेव्हा निकाल ऐकायला अकराच जण हयात होते. बारावे 2021 मध्ये नागपूरच्या कारागृहात कोरोनाने वारले.